नकाराचे पत्र आले म्हणून दावा संपत नाही

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक आजी चाळीच्या ओल्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी ऑपरेशन करून कृत्रिम खुबा बसवला. मुलगा कंत्राटी कामगार. त्याने वर्षभरापूर्वीच आईचा मेडिक्लेम काढला होता. बिल त्याने कर्ज काढून भरले आणि दावा पाठवला. कंपनीचे उत्तर आले : सांधेरोपणाला ठरावीक मुदत पूर्ण होईपर्यंत संरक्षण नाही, सबब दावा नामंजूर.

"मोठ्या लोकांनी लिहिलंय, आता काय करणार?" आजी म्हणाल्या.

रविवारी वंदनेनंतर मुलगा ते पत्र घेऊन आमच्याकडे आला. आम्ही आधी पॉलिसीचे कागद मागितले. ते गादीखाली होते, पाकीटसुद्धा फोडलेले नव्हते. (आपल्यापैकी किती जणांनी फोडले आहे?) ज्या कलमावर बोट ठेवून नकार दिला होता, त्याच कलमात पुढे लिहिले होते की अपघातामुळे आलेल्या दाव्याला ही मुदत लागू नाही. आजींचा सांधा झिजला नव्हता. त्या पडल्या होत्या.

पण डिस्चार्ज कार्डावर नुसते 'सांधेरोपण' लिहिले होते, पडल्याचा उल्लेखच नव्हता. खरी गोम इथे होती. मुलाने डॉक्टरांकडून तसे लेटरहेडवर लिहून आणले. भरतीच्या वेळचा पहिला कागद, एक्स-रे, बसवलेल्या खुब्याचे बिल आणि त्याचे स्टिकर, सगळ्यांच्या झेरॉक्स जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र गेले. पोचपावती जपून ठेवली.

महिना गेला, उत्तर नाही. मग विमा लोकपालाकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत यावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. मात्र तेच प्रकरण आधीच आयोगात वा कोर्टात असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत.

या सगळ्यात मुलाच्या दोन रजा बुडाल्या. तो कंटाळला, तेव्हा आम्ही त्याला महाडची आठवण दिली. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली प्यायलो, पण तो हक्क कोर्टात टिकवायला बाबासाहेबांना १९३७ पर्यंत लढावे लागले.

निवाडा आजींच्या बाजूने झाला. खुब्याचे आणि ऑपरेशनचे पैसे मिळाले. वॉकरचे मिळाले नाहीत, आणि ते योग्यच म्हणावे लागेल : वॉकर, कमरेचा पट्टा, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर या वस्तू सामान्यतः विम्यात धरत नाहीत, आणि या पॉलिसीतही तसे छापले होते. अशा रकमेसाठी भांडून वेळ दवडू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०२४ पासूनच्या नियमांनुसार, दावा नाकारताना पॉलिसीतील नेमकी कोणती अट लागू केली, हे कंपनीने कळवावेच लागते. पत्रात ती नसेल तर पहिली मागणी तीच करा.

तुमच्या घरी असे पत्र आले असेल, तर रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन या. सोबत पॉलिसी आणा, आणि पाकीट फोडून आणा.