वरच्या गटात खेळला म्हणजे पुढे गेला?

पोरगा फुटबॉलमध्ये दोघा-तिघांना चकवून गोल मारायला लागला की पालकांचं कोचच्या मागे एकच टुमणं सुरू होतं : ‘सर, ह्याला अंडर-१५मध्ये घ्या ना, इथे वेळ वाया जातोय.’ हैदराबादेतलं अंबरपेठ काय, काचीगुडा काय, कोल्हापूरच्या पेठा काय, सगळीकडे हेच. वरच्या गटात खेळणं वाईट नाही. पण त्याला बढती समजण्यात घोटाळा आहे.

गैरसमज : मोठे खेळाडू लहानपणापासून मोठ्यांतच खेळले.

आपल्या सिकंदराबादेत १९८४ साली जन्मलेला भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री २००२मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडे गेला. त्याच्या आधीचा स्ट्रायकर बायचुंग भुतिया तिथल्याच ईस्ट बंगाल क्लबमध्ये आला तो १९९३ साली, सोळाव्या वर्षी. सोळा-सतराव्या वर्षी बहुतेक मुलांची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते. अकरा-बारा वर्षांच्या पोराला ही उदाहरणं लावणं चूकच. उलट उदाहरणंही आहेत. अमेरिकेचा फ्रेडी अडू २००४मध्ये चौदाव्या वर्षी व्यावसायिक लीगमध्ये उतरला, नवा पेले म्हणून गाजला आणि पुढे त्या अपेक्षांच्या आसपासही पोचला नाही.

भारतानेही हा प्रयोग करून पाहिलाय. २०१७च्या अंडर-१७ विश्वचषकानंतर त्यातली पोरं ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने थेट आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत, मोठ्या क्लबांसमोर उतरवली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. मोसम संपला तेव्हा संघ मात्र तळाला होता. तरी त्याला खालच्या श्रेणीत ढकललं नाही, कारण तो शिकण्यासाठीच उभा केला होता. हाच अनिकेत पुढे हैदराबाद एफसीत आला आणि २०२२मध्ये क्लबने इंडियन सुपर लीग जिंकली. हरण्याची मुभा होती म्हणून तो प्रयोग चालला. गल्लीतल्या अकादमीत ही मुभा पोराला कोण देतो? दोन सामने हरले की त्याची जागा बाकावर.

गैरसमज : जन्मसाल एक, म्हणजे शरीर एक.

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. मुलग्यांची उंची साधारण तेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलींची त्याआधी दोनेक वर्षं. पण कुणाचं हे लवकर होतं, कुणाचं उशिरा. एकाच वर्गातल्या दोघांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने अकादम्यांतल्या ११ ते १४ वर्षांच्या मुलांचे सामने वाढीनुसार लावून पाहिले : मोठेपणी जेवढी उंची होईल असा अंदाज, तिच्या ८५ ते ९० टक्के गाठलेली मुलं एका गटात. लवकर वाढलेल्यांना तिथे धक्क्याने चेंडू काढता येईना. डोकं वापरावं लागलं. म्हणजे वर पाठवायचंच तर आधी हे थोराड पोर पाठवा, चपळ पण किडकिडीत पोर नव्हे.

त्यात आपल्याकडे वयचोरी. जन्मदाखल्यावर पंधरा आणि प्रत्यक्षात सतरा, हे मैदानावरच्या कुणालाच नवं नाही. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात ते त्यासाठीच, तेही अंदाजेच. तेव्हा तेराच्या पोराला कागदावर दोन वर्षं वर पाठवताना ती खरोखर चार असू शकतात, हे लक्षात असू द्या.

गैरसमज : समोर दांडगे असल्याशिवाय खेळ सुधारत नाही.

याचं उत्तर हैदराबादेनेच देऊन ठेवलंय. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम म्हणजे रहीमसाब, मुळात शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारत १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, १९५१ आणि १९६२ची एशियाड सुवर्णपदकंही त्यांच्याच काळातली. त्यांनी या शहरात कच्च्या पायाने खेळायचे सामने भरवले, ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने भरवले. सवंगडी तेच ठेवून खेळ अवघड केला. तुमचा पोरगा गटात भारी ठरतोय? आठवडाभर त्याला फक्त डावा पाय वापरू द्या, दोन स्पर्शांत चेंडू सोडायला लावा. मग वेळ वाया जातोय का ते पाहू.

वरच्या गटातला सराव आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी जरूर द्यावा, सामने मात्र आपल्याच गटात. चेंडू येताच घाईघाईने टोलवून पोरगा मोकळा होतोय असं दिसलं तर निमूट खाली आणावं. त्यात कसलीही नामुष्की नाही.

पालकांनी एक काम करावं. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढ दिसली की गट बदलण्याचा विषय बाजूला ठेवावा. याच काळात टाच आणि गुडघ्याखालचं हाड दुखायला लागतं, आणि तेव्हा पोराला मोठ्यांसमोर नाही, डॉक्टरांसमोर न्यायचं असतं.