पीएचपीमधील चलाची तपासणी : ‘नाही’, ‘रिकामे’ आणि ‘शून्य’ यांतील भेद

प्रस्तावना :
भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. समजा, येथील एखाद्या महाविद्यालयाने कारखान्यांच्या सर्वेक्षणासाठी पीएचपी भाषेत ऑनलाइन अर्ज तयार केला. ‘आज किती माग चालू आहेत?’ या प्रश्नास ‘शून्य’ असे उत्तर आले, तर सर्व माग बंद आहेत; उत्तरच आले नाही, तर माहिती मिळालेली नाही. हा भेद संगणकास आपोआप कळत नाही.

दोन तपासण्या :
‘इझसेट’ ही रचना चल अस्तित्वात आहे काय आणि त्याचे मूल्य ‘नल’ नाही ना, एवढेच पाहते. मजकुराची चौकट कोरी सोडली तरी ब्राउझर रिकामी अक्षरमालिका पाठवतो. म्हणून इझसेटचे उत्तर ‘सत्य’ येते. खूण न केलेला चेकबॉक्स मात्र पाठवलाच जात नाही. तेथे उत्तर ‘असत्य’ येते.

‘एम्प्टी’ ही रचना अस्तित्वात नसलेला चल, नल, असत्य, रिकामी अक्षरमालिका, रिकामी सूची आणि शून्य या सर्वांस ‘रिकामे’ मानते. अर्जातील शून्य अक्षररूपात येते, तरीही ते रिकामेच ठरते. याउलट केवळ एक मोकळी जागा टंकित केल्यास ती रिकामी ठरत नाही. शिवाय चलाचे नाव लिहिताना चूक झाली तरी या दोन्ही रचना कोणतीही सूचना देत नाहीत.

परिणाम :
पाच कारखान्यांपैकी चौघांनी १२, ८, ० आणि ४ अशी उत्तरे दिली व पाचव्याने उत्तर दिले नाही, असे मानू. योग्य सरासरी २४ भागिले ४, म्हणजे ६ येते. एम्प्टीच्या आधारे शून्य वगळल्यास ती ८ होते. न मिळालेले उत्तर शून्य धरल्यास ४.८ होते. पहिल्या चुकीत बंद कारखाना गणनेतून नाहीसा होतो, तर दुसरीत माहिती नसलेला कारखाना बंद ठरतो.

योग्य पद्धत :
प्रथम इझसेटने चल आला आहे काय ते पाहावे. नंतर ‘ट्रिम’ने कडेच्या मोकळ्या जागा काढून मूल्याची रिकाम्या अक्षरमालिकेशी काटेकोर तुलना करावी. शेवटी मूल्यात केवळ अंक आहेत काय ते तपासावे. पीएचपी देवनागरी अंकांस संख्या मानत नसल्याने त्यांचे रूपांतर आधीच करावे. डेटाबेसमध्ये न मिळालेले उत्तर ‘नल’ म्हणून व शून्य हे शून्य म्हणूनच साठवावे. एसक्यूएलमधील सरासरी नल वगळते, शून्य वगळत नाही.

निष्कर्ष :
इझसेट व एम्प्टी या परस्परांच्या पर्यायी रचना नाहीत. जेथे शून्य हे अर्थपूर्ण उत्तर असते, मग ते मागांची संख्या असो वा परीक्षेतील गुण, तेथे केवळ एम्प्टीवर विसंबणे योग्य नव्हे.