परवाना नवेगावचा, गाडी नवेगावबांधला

"भाऊजी, इथं तर नुसतं तळं आहे. जिप्स्या कुठं लागतात?"

दुपारी दीडला मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात घरी नुकताच जेवून उठलो होतो. त्याच्या हातात ताडोब्याच्या नवेगाव गेटचा परवाना होता. गाडीत बायको, दोन मुलं, आई आणि तिळाच्या पोळ्यांचा डबा होता. आणि गाडी उभी होती गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधला. जायचं होतं उमरेड, चिमूर करत दक्षिणेला. मोबाइलच्या नकाशावर 'नवेगाव' टाकून जे पहिलं नाव आलं त्याच्यामागे हा भंडारा, साकोली करत पूर्वेला निघून गेला. चूक तशी समजण्यासारखी होती. दोन्हीकडे वाघ आहेत आणि दोन्ही व्याघ्र प्रकल्पच आहेत. एक ताडोबा-अंधारी, दुसरा २०१३ साली जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा. पण दुपारची सफारी तासाभरात सुटायची होती आणि मधे दोन जिल्हे पडले होते. कोलू पाटलाने बांधलेलं ते प्रचंड तळं पाहून, काठावर पोळ्या खाऊन मंडळी परत आली. सासूबाई मात्र खूश होत्या. म्हणाल्या, "वाघापेक्षा हे बरं, धक्के नाही."

वाघांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला दर हंगामात असे पाच-दहा फोन येतात. पुण्यामुंबईचे, ठाण्याचे, क्वचित परदेशातून सुट्टीला आलेल्यांचे. ऐकून ऐकून एक लक्षात आलं. लोक वाघाची चौकशी बारकाईने करतात आणि दिवसाची अजिबात करत नाहीत. वाघ दिसणं न दिसणं कोणाच्याच हातात नाही. दिवस मात्र सगळा आपल्या हातात असतो, आणि बिघडतो तो तोच.

"एवढे पैसे भरले म्हणजे दिसणारच ना?"

या प्रश्नामागे एक घोटाळा आहे. 'सफारी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली भारतीय सफारी आहे. तिथे बसमध्ये बसायचं, कुंपणाच्या आतल्या मोठ्या आवारात फिरायचं. वाघ, बिबट, अस्वल यांची आवारं वेगळी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वाघ-सिंहांची सफारीही त्याच जातीची. तिथे माणूस प्राण्याला खायला घालतो, त्यामुळे तो कुठे असेल हे माणसाला ठाऊक असतं. लहान मुलाला वाघ दाखवायचाच असा हट्ट असेल तर गोरेवाडाच बरा. त्यात कमीपणा काही नाही, दुपारी जेवायला घरी येता येतं.

ताडोब्याला कुंपण नाही. कोअर म्हणजे गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवतीचा बफर सुमारे ११००. २०२२ च्या व्याघ्रगणनेत या प्रकल्पात ९७ वाघ धरले गेले. अख्ख्या महाराष्ट्रात तेव्हा ४४४ होते. भागाकार केला तर एका वाघामागे सतरा-अठरा चौरस किलोमीटर जंगल येतं. त्यातून कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनासाठी खुला ठेवावा, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे तुमची जिप्सी फिरणार ती थोड्याशा रस्त्यांवर, आणि वाघाला सगळं जंगल मोकळं. शिवाय तो दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. या हिशेबात ताडोब्यात वाघ इतक्या वेळा दिसतो याचंच मला नवल वाटतं.

दिसतो तो बहुतेक वेळा आधी कानांना. मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. जिप्सी थांबली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मागून आलेली धूळ हळूहळू आमच्याच अंगावर बसली. उजवीकडे चितळांचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला तोंड करून उभा. एका मादीने पुढचा पाय आपटला, शेपूट वर झालं, आणि कुणी कपाळावर टिचकी मारावी तशी तिची बारीक, तीक्ष्ण हाक आली. मग वर झाडावरून वानराचं 'खोक्, खोक्'. गाईड कुजबुजला, "कॉल चालू आहे." पुढची वीस मिनिटं कोणी बोललं नाही. सातवीतली भाचीसुद्धा नाही. वाघ आला नाही. चितळं पुन्हा चरायला लागली तेव्हा गाईड म्हणाला, "बसला असेल आत." भाची आजही ती गोष्ट 'वाघ जवळ होता' अशीच सांगते, आणि ती खोटं बोलत नाही.

"बफर म्हणजे उरलंसुरलं"

कोअरची तिकिटं संपली की लोक तोंड वाकडं करून बफरकडे वळतात. कोअर आणि बफर ही रेघ वनखात्याच्या नकाशावर आहे, वाघाला ती कोणी दाखवलेली नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर या बफर गेटांवरून वाघ नियमित दिसतात. फरक आहे तो वेगळा. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. मोहाची फुलं वेचायला पहाटे जंगलात शिरणारी माणसं आहेत. वाघाशेजारी राहणं म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचं असेल तर ते कोअरमध्ये दिसत नाही. तिथली नवेगाव, जामणीसारखी गावं बाहेर वसवली गेली आहेत. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असतो, तेव्हा रस्त्यांची अवस्था पाहून काही बफर गेटं चालू ठेवतात. आणि कोअर दर मंगळवारी बंद. हे दोन नियम न पाहता रजा टाकणारे लोक मी पाहिले आहेत, शिकलेले.

"एका गेटनं जाऊ, दुसऱ्यानं निघू"

नाही. परवाना ज्या गेटचा, आत शिरायचं त्याच गेटाने, बाहेरही त्याच. कोअरची गेटं सहा: मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, पांगडी, झरी. मोहर्ली भद्रावती तालुक्यात, चंद्रपूरहून जवळ. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला, नागपूरहून येणाऱ्याला सोयीची. नकाशात मोहर्ली आणि कोलारा शेजारी वाटतात, पण मधे जंगल आहे आणि ते तुमच्या खासगी गाडीला ओलांडता येत नाही. बाहेरून भला मोठा वळसा पडतो. म्हणून आधी गेट ठरवा, मग राहण्या-जेवण्याची जागा, मग रस्ता. आपल्याकडे हे नेमकं उलट होतं. ओळखीतल्या कोणाचं तरी रिसॉर्ट आधी ठरतं आणि मग जे मिळेल ते गेट. मेव्हण्याच्या प्रकरणानंतर मी सगळ्यांना सांगतो की नकाशात गेटाबरोबर तालुकाही टाका. ताडोब्यातच नवेगाव नावाचं कोअर गेट आहे आणि रामदेगी-नवेगाव असं बफर गेटही आहे.

परवान्यावर ज्यांची नावं, त्यांची मूळ ओळखपत्रं लागतात. मुलांचीसुद्धा. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि ड्रायव्हर. सातवं माणूस आलं की दुसरी जिप्सी घ्यावी लागते. दोन जिप्स्या आत गेल्या की एकत्र राहतीलच असं नाही. अर्ध्या घराला वाघ दिसतो, अर्ध्याला नाही, आणि मग परतीचे तीन तास कोणी कोणाशी बोलत नाही.

"सकाळचीच सफारी खरी"

मुक्कामी असाल तर असेल. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मी हा सल्ला मोडीत काढतो. सकाळची जिप्सी उजाडताना सुटते, गेटवर त्याआधी हजर राहावं लागतं. नागपूरहून निघणाऱ्याने रात्री दोन-अडीचला मुलं उठवायची, अंधारात शंभरावर किलोमीटर गाडी हाणायची, आणि हिवाळ्यात त्याच पेंगुळलेल्या पोरांना उघड्या जिप्सीत बसवायचं. डिसेंबरात त्या वाऱ्याला स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणि शाल लागते. मुलं पहिल्या तासात झोपतात. वाघ आला तरी झोपतात. आणि दुपारच्या उन्हात, झोप न झालेल्या माणसाच्या हातात परतीचं स्टिअरिंग असतं.

दुपारची फेरी घ्या. आठला नाश्ता करून निघा. वाटेत दोनदा थांबा. साडेबारा-एकला गेटजवळ जेवा, हलकं. फेरी साधारण अडीच-तीनच्या सुमाराला सुटते, वेळा ऋतूनुसार बदलतात, आणि मावळतीला बाहेर येते. शेवटचा तास हाच जनावरं हलण्याचा.

"मे महिन्यातच जावं, पाण्यावर वाघ हमखास"

यात तथ्य आहे, म्हणूनच हा गैरसमज चिवट आहे. पानगळ झालेली असते, गवत बसलेलं असतं, पाणवठे मोजके उरतात. वाघ पाण्याकडे येतो, पाठमोरा होऊन आधी बूड पाण्यात घालतो आणि मग मानेपर्यंत बसून राहतो. बघण्यासारखं असतं. पण चंद्रपूर जिल्ह्याचा मे म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, आणि जिप्सीला छप्पर नसतं. आजीआजोबा आणि सहा वर्षांचं पोर घेऊन दुपारी तीनला त्या भट्टीत शिरायचं तर ते वाघासाठीही नको. (दुपारची फेरी मीच सुचवली होती. मे महिन्यात ती घेऊ नका, मुक्काम करून सकाळची घ्या, नाहीतर घरी आंबे खा.)

कुटुंबासाठी मला फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा आवडतो. साग उघडा पडायला लागलेला असतो, पळस पेटलेला असतो. थंडी शालीपुरती आणि ऊन टोपीपुरतं. नोव्हेंबरात जंगल देखणं, पण गवत उंच आणि पाणी जागोजागी. वाघाला कुठेच यायची गरज नसते.

कपड्यांबद्दल दोन शब्द पुरे. लाल रंगाला वाघ बिथरतो, ही समजूत चुकीची. त्याला लाल-केशरी आपल्यासारखे दिसतच नाहीत. चितळालाही दिसत नाहीत, म्हणून तर केशरी अंगाचा वाघ त्याच्या डोळ्यांसमोर गवतात विरघळतो. टाळायचं ते पांढरंशुभ्र, चकचकीत, आणि सेंटचा फवारा. मातकट, फिके कपडे घाला. घरी आल्यावर ते धुळीने तसेही त्याच रंगाचे होतात.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. पालक याला अडचण समजतात. मला ही पूर्ण सहलीतली सर्वांत मोलाची सोय वाटते. फक्त परवान्याची छापील प्रत जवळ ठेवा, आणि मुलांच्या गळ्यात दुर्बीण द्या. भर रस्त्यात जिप्सीतून उतरता येत नाही, उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यामुळे गेटवर सगळ्यांना, हो, 'मला नाही लागली' म्हणणाऱ्यांनासुद्धा, एकदा आत पाठवून घ्या.

"गाईडला वरून थोडे दिले की तो नेतो बरोबर"

गाईड आणि जिप्सी पाळीने मिळतात. गाईड बहुतेक भोवतालच्या गावांतली पोरं, आता पोरीही. वाघ कुठे आहे हे त्यांनाही पायाचे ठसे आणि हाका यांवरूनच कळतं. पैशाच्या आशेने त्यांच्यावर दबाव आला की काय होतं, ते उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्स्या लागल्या आणि त्यांची वाट अडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली. मागच्या सीटवरून "अजून पुढे घ्या, अजून पुढे" म्हणणारे कोण होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बक्षीस द्यायचं तर फेरी संपल्यावर द्या, आणि त्याने सर्पगरुड, रानगवा, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवली म्हणून द्या.

मेव्हण्याने यंदा पुन्हा परवाना काढला. कोलारा गेट, फेब्रुवारी, दुपारची फेरी, माणसं सहा. या वेळी मीही गेलो. रानकुत्र्यांची टोळी दिसली, दोन अस्वलं दिसली, वाघाच्या पायाचे ताजे ठसे दिसले. सासूबाईंना धक्के बसलेच. परतताना भिसी गाव सोडल्यावर अंधारात मेव्हण्याने एकदम ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध रोही उभा होता, घोड्याएवढा, डोळे हिरवे. मेव्हण्याने डिपर दिला, मग दिवे खाली केले. रोह्याने आमच्याकडे पाहिलं, सावकाश शेतात उतरला, त्याच्यामागून आणखी दोन गेले.

"हे आधी का नाही दाखवलं?" मागून धाकट्याने विचारलं. तो जंगलात पूर्ण वेळ झोपला होता.