निविदा उघडताना

शाळांच्या बाकांची निविदा उघडायची होती. जिल्ह्याच्या त्या कार्यालयात टेबलावर लाखेचं सील नव्हतं, कात्री नव्हती. होते डिजिटल सहीचे दोन डोंगल. निविदा उघडणारे अधिकारी आधीच नेमलेले असतात. चार नेमले असतील तर त्यांपैकी किमान दोघांनी आपापला डोंगल लावून पिन टाकल्याशिवाय एकही लिफाफा उघडत नाही.

राज्याच्या ‘महाटेंडर्स’ या ई-निविदा पोर्टलमागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, यंत्रणा आहे. पुरवठादाराने कागद चढवले की ते कुलूपबंद होतात आणि किल्ली राहते उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डोंगलमध्ये. मुदत संपण्याआधी कोणाचा दर काय, हे कार्यालयात कोणालाच बघता येत नाही. पूर्वी निविदापेटीपर्यंत माणसाला पोचूच न देणं हा टेंडर मारण्याचा राजरोस मार्ग होता. आता तालुक्याच्या गावातला फर्निचरवाला रात्री दुकान बंद करून निविदा भरतो. या व्यवस्थेचं सर्वांत मोठं देणं मला हेच वाटतं.

भरणं मात्र सोपं नाही. दराचा तक्ता म्हणजे ‘बीओक्यू’ची एक्सेल फाइल. ठरवून दिलेल्या रकान्यांतच आकडे भरायचे, फाइलचं नावही बदलायचं नाही. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची. मुदत संपायच्या दिवशी लिपिक मॅडमचा फोन सतत वाजत होता.

“मॅडम, सगळं अपलोड झालंय, पण पावती येत नाही.”

“फ्रीझ केलंत का, भाऊ? फ्रीझ केल्याशिवाय निविदा भरली असं धरत नाहीत.”

उघडण्याच्या दिवशी आधी तांत्रिक लिफाफा: जीएसटी नोंदणी, उलाढालीचा दाखला, अनुभव, बयाणा रक्कम. पात्र ठरलेल्यांचेच दर नंतर उघडतात. तुलनात्मक तक्ता पोर्टलच तयार करतं आणि सर्वांत कमी दराचा ‘एल वन’ समोर येतो. त्याला फार वेळ लागत नाही.

खरा निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. बाकाच्या पाइपची जाडी किती, फळी कशाची, तीन वर्षांची उलाढाल किती हवी, हे कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलेलं असतं. उलाढालीचा आकडा गरजेपेक्षा मोठा लिहिला, तर गावोगावचे कारागीर दारातच अडतात. पोर्टल ती अट तितक्याच इमानाने पाळतं. ती का घातली, हे विचारत नाही. ते विचारायची जागा म्हणजे निविदापूर्व बैठक. तिथे कोणी बोललं तरच शुद्धिपत्रक निघण्याची शक्यता.

दुसरी कसोटी माल आल्यावर. सरकारी खरेदीसाठीचं केंद्राचं ‘जेम’ पोर्टल ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालं. तिथे माल मिळाल्याचा तात्पुरता दाखला आधी देतात, मग तपासून स्वीकृतीचा. या दुसऱ्या दाखल्यापासून दहा दिवसांत पैसे द्यायचे असतात. भांडारपालाने न तपासता तो दिला, तर पातळ पाइपचे बाक वर्गात जातात. टाळाटाळ केली, तर लहान पुरवठादाराचं भांडवल अडकतं.

प्रशिक्षणं बहुतेक डोंगल कसा लावायचा यावरच होतात. तपशील लिहिणाऱ्याला चार कारखाने दाखवावेत आणि भांडारपालाच्या हातात व्हर्नियर द्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.