मुद्दाम झिजवलेली अक्षरं

कॉफीचं पाकीट, रॉक बँडचा टीशर्ट, युद्धपटाचं पोस्टर. तिन्हींवर एकाच कुळातली अक्षरं भेटतात : जाडजूड, छाती काढून उभी, पण कडा कुरतडलेल्या, पोटात ओरखडे, शाई जणू अर्धीच लागलेली. डिझायनर मंडळी यांना ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात. कोऱ्या करकरीत अक्षराला संगणकावर म्हातारं करायचा हा उद्योग गेल्या तीसेक वर्षांत चांगलाच फोफावला.

गंमत अशी, की ज्या छपाईची ही नक्कल, त्या छापखानेवाल्यांना झीज म्हणजे लाज वाटायची.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्कस, लिलाव, नाटकं यांच्या जाहिराती भिंती व्यापू लागल्या. वीतभर उंचीचं अक्षर शिशात ओतायचं तर ते महाग, जड, आणि थंड होताना त्याच्या तोंडावर खळगे पडायचे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं १८२७ मध्ये यंत्रानं लाकडात अक्षरं कोरायची सोय केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला आणि एकाच नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर निघू लागलं. लाकूड बहुधा मॅपलचं, तेही आडव्या छेदाचं, म्हणजे रेषा उभ्या राहतात आणि दाब सोसतात. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी १८८० मध्ये सुरू झालेल्या हॅमिल्टन कंपनीनं पुढे बहुतेक प्रतिस्पर्धी गिळले. आज त्या गावात लाकडी खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरठशांचं, संग्रहालय आहे.

हे खिळे हातातून पडत, टवके उडत, हवेतल्या ओलाव्यानं वाकत. एखादं अक्षर झिजून बुटकं झालं की त्याला शाई लागेना. मग छापणारा त्याच्याखाली कागदाचे कपटे सारून उंची सारखी करी. डाग लपवायला त्यानं जी मेहनत घेतली, तेवढीच आज डाग पाडायला घेतली जाते.

जुनेपणाचा सोस संगणकाआधीही होताच. ‘कॅस्लॉन अँटिक’ हा खडबडीत कडांचा टंक १८९० च्या दशकात शिकागोच्या एका फाउंड्रीनं ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’ या नावानं काढला होता. जुना इंग्रज टंककार विल्यम कॅस्लॉन याच्याशी त्याचं काडीचं नातं नाही, नाव नंतर चिकटवलं. ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेचं नाव याच टंकात आहे.

खरी लाट आली ती लेझर प्रिंटरनंतर. सगळंच वस्तऱ्यासारखं धारदार छापलं जाऊ लागल्यावर एरिक व्हान ब्लोकलंड आणि युस्ट व्हान रॉसम या दोन डच तरुणांनी १९९० च्या सुमारास ‘बेओवुल्फ’ केला. यातलं प्रत्येक अक्षर छापलं जाताना कडा थोडी वेगळी बिघडवून घेई. प्रोग्रॅममध्ये रेषा काढणाऱ्या आज्ञेच्या जागी त्यांनी ‘फ्रीकटू’ नावाची स्वतःची लहरी आज्ञा बसवली होती. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २३ डिजिटल टंक संग्रही घेतले, त्यांत हाही होता. १९९१ मध्ये व्हान ब्लोकलंडनं एका टाइपरायटरच्या मळकट ठशांवरून ‘ट्रिक्सी’ केला. ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेनं तो घरोघर नेला. व्हान रॉसमनं रबरी शिक्के, खोक्यांवरची अक्षरं आणि पट्टीवर उठवलेली लेबलं पकडली. १९९५ च्या ‘सेव्हन’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत काइल कूपरच्या चमूनं तर फिल्मवरच अक्षरं ओरखडली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : झीज कुठून आली ते दिसतं. फीत सुकलेली, शिक्का तिरका पडलेला, सुई घसरलेली. फुकट वाटल्या जाणाऱ्या शेकडो फॉन्टमध्ये नेमकं हेच नसतं. तिथं सगळ्या अक्षरांवर एकच सँडपेपर फिरवलेला असतो. शब्दात दोन ‘ओ’ आले, की दोघांच्या गालावर एकाच जागी एकच व्रण, आणि सोंग उघडं पडतं. म्हणून चांगल्या टंकात एकेका अक्षराची तीन-चार रूपं असतात आणि ती आलटून पालटून येतात. मोठ्या मापात, एक-दोन शब्दांपुरताच त्यांचा वापर शोभतो. लहान मापात भोकं बुजतात आणि मजकूर नुसता घाणेरडा दिसतो.

देवनागरीत काम आणखी किचकट. इथं शिरोरेषा अक्षराकडून अक्षराकडे धावते, त्यामुळे एकाचा ओरखडा शेजाऱ्याच्या सीमेवर अचानक तुटतो. जोडाक्षरांमुळे रूपांची संख्या शेकड्यांत जाते. शिवाय आपली खरी झीज वेगळीच होती. शिशाच्या खिळ्यांमध्ये रफार आणि मात्रा अंगाबाहेर लटकत, म्हणून आधी त्या मोडत. सध्याच्या बहुतेक ‘जीर्ण’ मराठी शीर्षकांत मात्र रफार ठणठणीत आणि ओरखडे सगळे दंडाच्या पोटात, रोमन अक्षरांकडून जसेच्या तसे उचललेले.

त्यात अर्थाचाही घोळ. वर उडालेला एक ठिपका ‘कप’चा ‘कंप’ करतो, तर खरवडलेला अनुस्वार ‘रंग’ची ‘रग’. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसली गेली, की ‘बाद’ झालेला फलंदाज मोठ्या अक्षरांत ‘वाद’ होतो.