ओसाड नगरांचे धनी कोण?

खेळांची दुनिया : लेखांक ६

गोंदियाजवळच्या कुडव्यातला एखादा कॉलेजकुमार रात्री संगणकापुढे 'स्कायरिम' खेळत बसतो आणि डोंगराच्या पोटातल्या एका नगरात शिरतो. पितळी नळ्यांतून वाफ फुसफुसते आहे, दातेरी चाकं फिरताहेत, दिवेही जळताहेत. माणूस मात्र औषधालाही नाही. हे नगर ड्वेमर जमातीचं. 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेच्या कथेत रेड माउंटनच्या लढाईच्या वेळी ही अख्खी जमात एका क्षणात नाहीशी झाली. ती गेली कुठे, याचा निकाल खेळ देत नाही.

धागेदोरे मात्र भरपूर देतो. याच मालिकेतल्या २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये कळतं, की कागरेनाक नावाच्या त्यांच्या प्रमुख कारागिराने एका मृत देवाच्या हृदयावर आपली अवजारं चालवली होती. इथून खेळाडूंचे तट पडतात. कुणी म्हणतं, सगळे जागीच नष्ट झाले. कुणी म्हणतं, स्वतः घडवलेल्या महाकाय यंत्रदेवाच्या अंगात ते विरघळले. काळाच्या बाहेर फेकले गेले, असं मानणारेही आहेत. पुरावे म्हणजे खेळातलीच पुस्तकं, आणि त्यांचे लेखक एकमेकांना खोटं पाडणारे! याग्रम बागार्न हा एकटा ड्वेमर जिवंत भेटतो. पण घटनेच्या वेळी तो दुसऱ्याच लोकात होता, म्हणून साक्ष द्यायला तोही निकामी.

गंमत नावातही आहे. या जमातीला सगळे 'बुटके' म्हणतात, पण ते बुटके नव्हतेच. धिप्पाड राक्षसांना ते ठेंगणे दिसले, त्यांनी नाव ठेवलं आणि तेच रूढ झालं.

आपल्याकडे असं झालेलं नाही, असं कोण म्हणेल? चुन्याविना काळे दगड एकमेकांत बसवलेलं जुनं देऊळ दिसलं, की मराठी माणूस 'हेमाडपंती' म्हणून मोकळा होतो. कुडव्याहून जवळच असलेल्या नागऱ्याच्या शिवमंदिरालाही हेच विशेषण लागतं. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादव राजांचा, महादेव आणि रामचंद्र यांचा, मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, ते देऊळ शिलाहारांच्या काळातलं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं बांधकामही त्याच्याच खात्यावर जमा! डोंगरातली लेणी दिसली की पांडव आठवतात, तसाच हा प्रकार.

विदर्भातली शिळावर्तुळं हे त्याहून बोलकं उदाहरण. नागपूरजवळ जुनापाणीला मोठाल्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. ती गवळ्यांची, असा लोकांचा समज होता. १८७९च्या सुमारास रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खणलं, पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. लोखंडी हत्यारं निघाली, घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. वर्तुळं होती लोहयुगीन माणसांच्या दफनाची, अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. त्या माणसांनी स्वतःला काय नाव दिलं होतं, हे कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही.

खेळातला तर्क आणि पुरातत्त्वातला तर्क इथे वेगळे होतात. 'झेल्डा' मालिकेच्या २०१७च्या भागात झोनाई नावाच्या लुप्त जमातीचे भग्नावशेष होते. खेळाडू त्यावर वर्षानुवर्षं वाद घालत बसले. २०२३मध्ये पुढचा भाग आला आणि झोनाई कोण, हे निर्मात्यांनीच दाखवून टाकलं. जमिनीखालच्या अवशेषांचा पुढचा भाग कुणी काढत नाही. तिथे तर्काला सुटे पुरावे जुळवत पुढे जावं लागतं आणि एखाद्या पुराव्याने तो मोडला, तर सोडून द्यावा लागतो.

ही जुळवाजुळव कशी होते, हे पाहायला गोंदियाकरांना फार लांब जायला नको. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपलं घराणं दक्षिणापथातल्या पद्मपूरचं असल्याचं सांगतो. दुर्ग जिल्ह्यात सापडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. आणि रायपूरच्या लोहमार्गावर आमगावजवळ आजही पदमपूर नावाचं गाव आहे, जुन्या मूर्ती असलेलं. नाटकाची प्रस्तावना, ताम्रपट आणि गाव ही तीन टोकं एकत्र बांधून वा. वि. मिराशींनी पदमपूर हेच ते पद्मपूर, असं प्रतिपादन केलं. एकट्या नावाच्या साम्यावर ते थांबले नाहीत, म्हणून त्या प्रतिपादनाला वजन आहे.

नागऱ्याला पुढच्या वेळी जाल, तेव्हा 'हेमाडपंती' हा शब्द जरा वेळ पायरीवर ठेवा आणि खांब, शिल्पं, दगडांचे सांधे नीट पाहून घ्या. पुढच्या लेखांकात खेळांतल्या नकाशांकडे वळू.