पत्रे उतरवा, पण जपून

मृगाच्या सरी येण्यापूर्वी घर शाकारून घेण्याची गोमंतकातील रीत जुनी आहे. कौले हातोहात उतरवावीत, फुटकी बाजूस काढावीत, वासे-रिपा पाहून घ्याव्यात आणि पुन्हा छप्पर चढवावे, हे काम घरची माणसे शेजाऱ्यांच्या मदतीने करीत. फुटक्या कौलाने फार तर कोणाचा हात कापला असेल. पुढे कित्येक घरांवर, गोठ्यांवर आणि शाळांवर कौलांच्या जागी सिमेंटचे पत्रे आले. हाताळण्याची सवय मात्र कौलांचीच राहिली. धोका नेमका येथे आहे.

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्याच्या जुन्या प्रकारात सुमारे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा असतो. अखंड पत्रा सहसा उपद्रव देत नाही. तो कापला, फोडला वा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात रुतून बसतात. फुप्फुसे निबर करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा ही त्याची फळे. ती दिसू लागण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे जातात. कामगारांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने त्यांच्या कुटुंबीयांनाही हा रोग जडल्याचे लंडनमधील अभ्यासाने १९६५ सालीच दाखवून दिले होते. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारख्या आपत्तीत फुटलेले पत्रे आपण उघड्या हातांनी गोळा करतो, तेव्हा याचे भान कितीजणांस असते?

घाबरून जाऊन सगळी छपरे एकदम खाली ओढावीत, असे आमचे म्हणणे नाही. पत्रा धड असेल तर त्याला हात न लावणे हाच पहिला नियम. त्यावरील शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडू नये, की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवू नये. पत्रा जीर्ण झाला असेल तर तो अखंड उतरवावा. आधी माणसे दूर करावीत व खिडक्या बंद कराव्यात. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो अचानक फुटतो आणि माणूस खाली येतो, म्हणून फळ्या टाकूनच वावरावे. साबण मिसळलेल्या पाण्याच्या बारीक तुषारांनी पत्रा भिजवून ठेवावा, कारण ओला तंतू उडत नाही. गंजलेले बोल्ट कापून काढावेत. पत्रा मोडून ओढू नये. विजेची करवत तर वर्ज्यच. पत्रा वरून फेकू नये, हातोहात खाली घ्यावा.

तोंडाला बांधलेला रुमाल येथे कुचकामी ठरतो. चेहऱ्यास घट्ट बसणारा, अतिसूक्ष्म धूळ अडविणारा मुखवटाच हवा. खाली पडलेला चुरा झाडूने लोटू नये. ओल्या फडक्याने टिपावा आणि फडकेही त्याच कचऱ्यात टाकावे. सर्व तुकडे जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात बंद करून त्यांवर ठळक सूचना लिहावी. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुण्यास घालू नयेत. जुन्या वाफेच्या नळ्यांवरील वा बॉयलरवरील भुसभुशीत लेप तर याहून घातक. ते काम प्रशिक्षित पथकानेच, जागा पूर्ण बंदिस्त करून करावयाचे असते. अशाच ॲस्बेस्टॉसने भरलेली ‘क्लेमांसो’ ही युद्धनौका अलंगच्या वाटेवरून २००६ साली फ्रान्सला परत बोलवावी लागली होती.

मग हा कचरा जावा कोठे? आज तो शेताच्या बांधावर, खाडीकाठी वा रस्त्याच्या भरावात जातो. २०१६ च्या नियमांनी कारखान्यांतून निघणाऱ्या टाकाऊ ॲस्बेस्टॉसची गणना घातक कचऱ्यात केली आहे. घरावरून उतरलेला पत्रा त्याहून निराळा पदार्थ नव्हे. राज्यात पिसुर्ले येथे घातक कचऱ्यासाठी व्यवस्था उभी राहिली आहे. खेडोपाडीचे पत्रे तेथवर पोचविण्याची जबाबदारी पंचायतींनी व नगरपालिकांनी उचलली पाहिजे. सार्वजनिक बांधकामाच्या प्रत्येक निविदेत पत्रे उतरविण्याची पद्धत, मजुरांचे मुखवटे आणि कचऱ्याची वाहतूक यांचा खर्च स्पष्ट धरला जावा. आरंभ शाळांपासून, आणि तोही सुट्टीतच व्हावा.

ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बजावले. छपरावर चढणाऱ्या रोजंदारीच्या मजुराची नोंद कोणत्याही वहीत नसते. चाळीस वर्षांनी त्याला धाप लागेल तेव्हा तो कोणाकडे दाद मागणार? आपल्या घराचे छप्पर बदलताना त्याच्या श्वासाची किंमत घरमालकाने आणि सरकारने आधी मोजावी, एवढीच आमची मागणी आहे.